जिल्ह्याच्या कचेरींतील संगणक-जाळीं आणि त्यांचे दोन द्वारपाल

यवतमाळ जिल्ह्यांत मृग नक्षत्र निघालें कीं शेतकऱ्याची दोन ठिकाणीं धांवपळ सुरू होते. एक शेतांत आणि दुसरी कचेरींत. पेरणीसाठीं पीककर्ज हवें, कर्जासाठीं सातबाराचा उतारा हवा, आणि पुढें जुलै सरतांना पीकविम्याच्या अर्जाची घाई. पूर्वीं हे उतारे तलाठ्याच्या दप्तरांत बांधलेले असत. आतां ते संगणकांत आहेत. १ मे २०१८ पासून तर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्याहि मिळूं लागला. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. परंतु उमरखेड किंवा झरी जामणीकडचा एखादा गृहस्थ दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येतो, रांगेंत उभा राहतो, आणि खिडकीपलीकडून त्याला दोनच शब्द ऐकूं येतात: "लिंक नाहीं." दप्तराच्या काळांत तलाठी गांवाला गेलेला असे, आतां लिंक गांवाला जाते.

हा ‘लिंक’ म्हणजे दुवा. कचेरींतील मेजावरचा संगणक आणि शेंकडों मैल दूर असलेलें माहितीचें भांडार यांना जोडणारा. तो तुटण्याचीं कारणें पुष्कळ. तार तुटते, वीज जाते, कधीं पलीकडचें भांडारच बंद पडतें. पण एक कारण असें आहे कीं त्याचा फारसा बोभाटा होत नाहीं, आणि तें बरेचदां टाळतां येण्यासारखें असतें. कचेरींतून बाहेर पडण्याचें दार एकच असतें, आणि त्या दारावर पहारेकरीहि एकच असतो. तो आजारी पडला कीं आंतलीं सगळीं यंत्रें धडधाकट असूनहि कोंडलीं जातात.

या पहारेकऱ्याला फायरवॉल म्हणतात. शब्दशः अर्थ आगीची भिंत. वणी, पांढरकवडा, यवतमाळ या कापसाच्या पेठांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज पडूं नये. जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गंजी रचलेल्या असतात. एका गंजीवर ठिणगी पडली तर ती शेजारच्या गोदामापर्यंत जाऊं नये म्हणून मध्यें पक्क्या विटांची भिंत घालतात. संगणकाची भिंत मात्र आंधळी नाहीं. माहिती तारेंतून लहान लहान पुडक्यांच्या रूपानें जाते. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. ही भिंत तो पत्ता वाचते, नियमांच्या यादीशीं ताडून पाहते, आणि मगच पुडकें पुढें सोडते. तेव्हां भिंतीपेक्षां द्वारपाल हेंच नांव तिला अधिक शोभावें.

जिल्ह्याच्या ठिकाणीं हा द्वारपाल कशाकशाला सांभाळतो तें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ सालीं झाली, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्या केंद्राचें ‘निकनेट’ हें जाळें उपग्रहाच्या साह्यानें जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांपर्यंत पोंचलें. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळालें तें त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. मार्च २००५ मध्यें केंद्र सरकारनें राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. त्या योजनेंत राजधानीपासून जिल्हा आणि जिल्ह्यापासून तालुका अशी निदान २ मेगाबिटांची वाट घालून द्यावयाची होती. ऑक्टोबर २०११ मध्यें गांवोगांव प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना आली, तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. यवतमाळ जिल्हा सोळा तालुक्यांचा, १३,५८२ चौरस किलोमीटर पसरलेला. एका टोकाला वर्धा नदी, दुसऱ्या टोकाला पैनगंगा. अशा जिल्ह्यांत ‘जिल्ह्याला जाऊन येतों’ म्हणणें सोपें नाहीं, म्हणूनच तारेची किंमत येथें अधिक.

आतां असें समजावें कीं यवतमाळ शहरांत एक मोठी सरकारी इमारत आहे आणि तिच्यांत निरनिराळ्या शाखा आहेत. भूमिअभिलेखाची शाखा, पैशाच्या देयकांची शाखा, लोकांना दाखले देणाऱ्या खिडक्या, दारांवर लक्ष ठेवणारे कॅमेरे, आणि आल्यागेल्यासाठीं ठेवलेलें बिनतारी वायफाय. हीं सगळीं यंत्रें एकाच जाळ्यांत गुंफलीं तर खर्च कमी येईल, आणि पुष्कळ ठिकाणीं तसें केलेलेंहि आढळतें. पण तें धोक्याचें आहे. वायफायवर बसलेल्या एखाद्या उमेदवाराच्या लॅपटॉपमधील रोगट प्रोग्राम तेथून देयकांच्या यंत्रापर्यंत चालत जाऊं शकतो. म्हणून शाखेगणिक जाळें वेगळें करतात. त्यासाठीं तारा वेगळ्या घालाव्याच लागतात असें नाहीं. १९९८ सालीं ठरलेल्या एका पद्धतीप्रमाणें एकाच तारेंतून जाणाऱ्या पुडक्यांवर क्रमांकाची चिठ्ठी लावून जाळीं वेगळीं ठेवतां येतात. असे ४,०९४ क्रमांक वापरतां येतात. जिल्ह्याच्या कचेरीला पांचसहा पुरतात.

जाळीं वेगळीं झालीं, पण बाहेरची वाट सर्वांना लागतेच. या वाटेवर पहिली अडचण पत्त्यांची येते.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सवाचारशें कोटींच्या वर. ज्यांनीं ही पद्धत आंखली त्यांना हा आंकडा अफाट वाटला असावा. जगाची लोकसंख्या व प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रें मोजलीं तर तो तोकडा आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वांटून झाले. ही टंचाई आधींच दिसूं लागली होती, म्हणून १९९६ च्या फेब्रुवारींत पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठीं कायमचे राखून ठेवण्यांत आले. १० या आंकड्यानें सुरू होणारा पट्टा सर्वांत मोठा, १,६७,७७,२१६ पत्त्यांचा, १७२.१६ पासूनचा १०,४८,५७६ पत्त्यांचा; आणि १९२.१६८ चा ६५,५३६ पत्त्यांचा. हे पत्ते कोणींहि, न विचारतां, आपल्या घरांत वापरावे. अट एवढीच कीं त्यांनीं घराबाहेर पडूं नये. बाहेरच्या जगाला ‘१९२.१६८.१.५’ हा पत्ता म्हणजे ‘माडीवरची डावीकडची खोली’ म्हणण्यासारखा आहे. कोणत्या घराची माडी, हें त्यांत नाहीं.

मग आंतल्या यंत्राला बाहेरून उत्तर यावें कसें? सरकारी कचेरींत ज्यानें एक दिवस जरी काढला असेल त्याला ही युक्ति नवीन वाटणार नाहीं. प्रत्येक कचेरींत आवक-जावक बारनिशी असते. शाखेंतील कारकुनानें लिहिलेलें पत्र सरळ टपालांत पडत नाहीं. तें बारनिशींत येतें, त्यावर कचेरीचा पत्ता पडतो, जावक क्रमांक पडतो, आणि तो क्रमांक कोणत्या शाखेच्या कोणत्या मेजाचा याची नोंद वहींत होते. उत्तर येतें तें कचेरीच्या नांवें, जावक क्रमांकाचा हवाला देऊन. बारनिशीचा कारकून वही उघडतो आणि पत्र योग्य मेजावर पोंचवितो. द्वारपाल-यंत्र हेंच काम करतें. पुडक्यावरील खासगी पत्ता खोडून त्या ठिकाणीं कचेरीचा जाहीर पत्ता घालतें आणि एक क्रमांक देतें. पत्ता बदलण्याची ही पद्धत १९९४ सालीं लिखित स्वरूपांत मांडली गेली. क्रमांकांची संख्या ६५,५३६ पर्यंतच असल्यामुळें एकाच जाहीर पत्त्यामागें किती गर्दी मावेल यालाहि मर्यादा आहे. दाखल्यांच्या हंगामांत यंत्रें मंदावतात त्याचें एक कारण केव्हां केव्हां ही भरलेली वही असते, आणि दोष मात्र तारेवर जातो.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. बाहेरून एखादें पुडकें आलें आणि त्याच्या क्रमांकाची नोंद वहींत नसली, तर द्वारपाल तें आंत घेत नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर घेऊन येणारा मनुष्य संशयास्पदच.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे द्वारपाल एकच असण्यांत काय जोखीम आहे तें उघड होतें. तो थांबला कीं पांचहि जाळीं एकदम थांबतात. यावर उपाय म्हणून दुसरा द्वारपाल शेजारीं उभा करावा, हें कोणालाहि सुचेल. पण नुसता उभा करून भागत नाहीं. प्रत्येक यंत्राला ‘बाहेरचें दार अमुक पत्त्यावर’ असें शिकविलेलें असतें. पहिला द्वारपाल पडला तर शेंदीडशें यंत्रांना नवा पत्ता कोणीं सांगावा, आणि तोंवर खिडकीपुढील रांगेनें काय करावें?

येथेंहि कचेरीचीच रीत कामीं आली. पत्र ‘तहसीलदार’ या पदाला लिहितात, माणसाला नव्हे. तहसीलदार रजेवर गेले तर दुसरा अधिकारी प्रभार घेतो, पत्ता तोच राहतो. एप्रिल १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘व्हीआरआरपी’ या नियमावलींत द्वारपालांसाठीं असेंच पद निर्माण केलें आहे. दोन यंत्रांचे दोन स्वतःचे पत्ते, आणि तिसरा एक पत्ता पदाचा. सर्व यंत्रांना शिकवावयाचा तो पदाचा. मुख्य यंत्र दर सेकंदाला ‘मी आहें’ अशी हांक देतें. राखीव यंत्र ती ऐकत बसतें. तीन हांका चुकल्या, आणि आणखी सेकंदाचा कांहीं अंश गेला, कीं तें प्रभार घेतें. नेहमींच्या मांडणींत याला सुमारें ३.६ सेकंद लागतात. पदाबरोबर तारेवरची ओळख सांगणारा यंत्र-क्रमांकहि तोच राहतो, म्हणून मेजावरच्या संगणकाला अदलाबदल कळतहि नाहीं. नियमावलीच्या पुढील आवृत्त्यांनीं हा अवधि सेकंदाच्या आंत आणण्याचीहि सोय केली.

प्रत्येक जाळ्यासाठीं असें एक पद लागतें, आणि बाहेरच्या बाजूसाठीं आणखी एक. हीं पदें सुटीं सुटीं फिरूं देणें ही नवशिक्याची ठरलेली चूक. समजा, मुख्य द्वारपालाची फक्त भूमिअभिलेखाकडील तार निखळली. त्या एका जाळ्याचा प्रभार राखीवाकडे गेला, बाकीचीं पदें मुख्याकडेच राहिलीं. आतां भूमिअभिलेखाचीं पुडकीं एका दारानें बाहेर पडतात आणि उत्तरें दुसऱ्या दारावर येतात. जेथें उत्तर येतें तेथील वहींत नोंद नाहीं. तो द्वारपाल, आपल्या कर्तव्यास जागून, तें उत्तर फेंकून देतो. दोन्ही यंत्रें ठणठणीत, तारांवर हिरवे दिवे, आणि काम बंद. असा बिघाड शोधण्यांत अनुभवी माणसांचेहि दिवस गेले आहेत. म्हणून एक पद हललें कीं सर्व पदें एकदम हलावीं अशी गांठ त्यांना मारावी लागते.

वहीचा प्रश्न तर त्याहून नाजूक. बारनिशीचा कारकून आजारी पडला, बदली कारकून खुर्चींत बसला, पण वही जुन्या कारकुनाच्या कुलुपबंद खणांत राहिली, तर आलेलीं उत्तरें कोणत्या मेजावर द्यावयाचीं? नवीं पत्रें सुरळीत जातील; अर्धवट राहिलेलीं सगळीं वायां जातील. पीकविम्याचा अर्ज भरून शेवटची कळ दाबलेला मनुष्य पुन्हां पहिल्या पानावर येतो तो असाच. यासाठीं दोन द्वारपालांमध्यें एक स्वतंत्र तार घालतात आणि मुख्याच्या वहींत पडणारी प्रत्येक नोंद तत्क्षणीं राखीवाच्या वहींत उतरवितात. ओपनबीएसडी या मोफत संगणक-प्रणालीच्या मे २००४ च्या आवृत्तींत ही नक्कल-वही आणि पदाची अदलाबदल या दोन्ही सोयी एकत्र आल्या. तिच्या कर्त्यांनीं व्हीआरआरपी न स्वीकारतां ‘कार्प’ नांवाची स्वतःची रीत काढली, कारण पहिल्या रीतीवर एका मोठ्या कंपनीच्या पेटंटचें सावट होतें. नव्या रीतीला अधिकृत क्रमांक मिळाला नाहीं, तेव्हां त्यांनीं व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक बेधडक वापरला! तो मानभंगाचा राग असो वा तत्त्वनिष्ठा, आजहि एकाच तारेवर दोन्ही रीतींचीं यंत्रें ठेवणाऱ्याला पदांचे अनुक्रमांक जपून द्यावे लागतात.

मधली ती तारहि निर्धोक नसते. दोन्ही द्वारपाल जिवंत आहेत, पण त्यांना एकमेकांची हांक ऐकूं येईनाशी झाली, तर काय होईल? राखीवाला वाटतें मुख्य मेला; तो प्रभार घेतो. मुख्य तर खुर्ची सोडावयास तयारच नाहीं. एकाच पदावर दोन अधिकारी, एकाच पत्त्यावर दोघांचा हक्क, आणि पुडकीं कधीं याच्याकडे तर कधीं त्याच्याकडे. द्वारपाल एकच असून बंद पडणें यापेक्षां ही स्थिति वाईट, कारण बंद पडलेलें निदान सर्वांना दिसतें. म्हणून हांकेच्या वाटा दोन ठेवाव्या.

एकाच आवारांत दोन जुन्या कचेऱ्या एकत्र आल्या म्हणजे आणखी एक गंमत घडते. दोघींनींहि पूर्वींच, एकमेकींना न विचारतां, १९२.१६८.१ हाच पट्टा घेतलेला असतो. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ यंत्रांत तो कारखान्यांतूनच भरून येतो. आतां ‘माडीवरची डावीकडची खोली’ दोन निघाल्या. अशा वेळीं द्वारपालाला जाळ्यागणिक वाटांचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो, किंवा एका जाळ्याचे पत्ते दारापाशीं येण्यापूर्वींच बदलावे लागतात. खरा इलाज एका कचेरीला नवे पत्ते देणें हाच. तो कंटाळवाणा म्हणून पुढें ढकलला जातो आणि दरवर्षीं अधिक महाग होतो. पत्त्यांच्या नव्या, अफाट पद्धतींत प्रत्येक यंत्राला जगांत एकमेव पत्ता देतां येतो आणि पत्ता खोडण्याचें कारणच उरत नाहीं; परंतु न विचारलेलें उत्तर अडविण्यासाठीं वही तेथेंहि लागते, म्हणजे तिची नक्कलहि आली.

कांहीं ठिकाणीं राखीव द्वारपालाला नुसतें बसवून ठेवणें खटकतें. पैसे दोघांचे मोजले, मग काम दोघांनीं करावें, असा हिशेबी विचार पुढें येतो. कांहीं जाळीं याच्याकडे, कांहीं त्याच्याकडे. तो वाईट नाहीं. मात्र दोघेहि आपल्या शक्तीच्या साठ टक्के भार वाहूं लागले असतील, तर एक पडल्यावर दुसऱ्यावर एकशेंवीस टक्के येतो, आणि तोहि पडतो. बसून असलेल्या राखीवाचा पगार हा त्या दिवसाचा विमा असतो.

कागदावरचें गणित मोठें मोहक आहे. एक यंत्र शंभरांत नव्याण्णव वेळां चालू असतें असें धरलें, तर वर्षांत सुमारें साडेतीन दिवस तें बंद. अशीं दोन यंत्रें जोडलीं तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षांत अवघा त्रेपन्न मिनिटांचा. परंतु या गणितांत एक अट दडलेली आहे: एकाच्या पडण्याचा दुसऱ्याच्या पडण्याशीं संबंध असूं नये. ही अट म्हणजे काय, हें यवतमाळकरांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. शहराला पाणी निळोणा आणि चापडोह या दोन जलाशयांतून येई. एक आटला तर दुसरा आहे, असा भरंवसा होता. २०१७ सालीं पाऊस अपुरा पडला, आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत दोन्ही जलाशयांनीं एकाच वेळीं तळ गांठला. नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी येऊं लागलें, आणि टँकरभोवतीं रात्रीं रांगा लागल्या. जलाशय दोन होते, पण पाऊस एकच होता. दूरच्या, पुष्कळ मोठ्या बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याची योजना हातीं घ्यावी लागली.

संगणकाच्या खोलींतील ‘पाऊस’ ओळखण्यासाठीं डोळे उघडे ठेवून खोलींतून एक फेरी मारावी. दोन्ही द्वारपालांच्या विजेच्या दोऱ्या एकाच पट्टींत खोंवलेल्या असतात. बॅटरीचा संच एकच असतो. विदर्भाच्या मे महिन्यांत पारा पंचेचाळिसांकडे जातो, आणि खोलींतील गारवा देणारें यंत्रहि एकच असतें. दोन्ही तारा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या म्हणून घेतलेल्या असतात, पण रस्त्याकडेच्या एकाच चरांतून गेलेल्या; रुंदीकरणाच्या खोदयंत्राचा एक घाव दोघींना पुरतो. एक तार अमरावतीच्या रस्त्यानें आणि दुसरी कळंब-वर्ध्यावरून नागपूरकडे गेली असेल, तर त्या खरोखर दोन. दोन्ही द्वारपालांना एकाच रात्रीं एकाच प्रोग्रामची नवी आवृत्ति घालणें हाहि त्याच जातीचा प्रमाद. आवृत्तींत खोट असली तर जोडी एकदम बसते. राखीवाला आधीं घालावी, कांहीं दिवस प्रभार त्याच्याकडे द्यावा, मग मुख्याची पाळी.

शिवाय द्वारपाल जिवंत असणें आणि त्याच्यापलीकडची वाट जिवंत असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य यंत्र दर सेकंदाला ‘मी आहें’ म्हणत राहतें, राखीव निश्चिंत बसतें, आणि पलीकडची तार केव्हांच तुटलेली असते. म्हणून द्वारपालानें दारापलीकडच्या एखाद्या खात्रीच्या ठिकाणाला, आणि शक्य तर दोन ठिकाणांना, वरचेवर साद घालून पाहावी. उत्तर येईनासें झालें तर आपलें पद आपण होऊन खालीं करावें. एकाच ठिकाणाला साद घातली आणि तें ठिकाणच बंद पडलें, तर दोन्ही द्वारपाल निष्कारण खुर्ची सोडतात, हेंहि घडलेलें आहे.

जोडी बसविल्यावर तिची परीक्षा घेण्याचा धीर फार थोड्यांना होतो. परीक्षा साधी आहे. सुटीच्या दिवशीं, वरिष्ठांना कळवून, एका मेजावर मोठी फाइल उतरवून घ्यावयास लावावी, दुसऱ्यावर सातबाराचें पान उघडावें, आणि मुख्य द्वारपालाची विजेची दोरी हातानें उपसून काढावी. बटणानें नव्हे, बटण दाबल्यावर यंत्र निरोप घेऊन जातें, आणि वीज तसा निरोप घेत नाहीं. फाइल तीनचार सेकंद अडखळून पुढें चालूं लागली तर नक्कल-वही खरी आहे. ती तुटली आणि पान मात्र उघडलें, तर प्रभार गेला पण वही गेली नाहीं. दोन्ही थांबलें तर राखीव यंत्र गेले कित्येक महिने नुसता दिवा लावून बसलें होतें असें समजावें. मग प्रत्येक जाळ्याची तार एकेक करून, त्यानंतर बाहेरची तार, आणि शेवटीं दोघांमधली. प्रत्येक वेळीं किती सेकंद लागले तें वहींत लिहावें, आणि दोरी पुन्हां जोडल्यावर मुख्यानें प्रभार परत कसा घेतला तेंहि लिहावें. कारण वही पुरती उतरून घेण्यापूर्वींच खुर्चीवर बसण्याची घाई करणारा मुख्य द्वारपाल, जातांना न झालेला घोटाळा परत येतांना करतो.